वरच्या घराचे पैसे

आई, वरच्या घराचे पैसे मी खर्च केले. सगळे. हे आधीच सांगून मोकळी होते, कारण शेवटपर्यंत दडवून ठेवलं तर मधलं एकही वाक्य मला धड लिहिता येणार नाही. तू असतीस तर हातातलं काम खाली ठेवून माझ्याकडे नुसती बघत राहिली असतीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पांढरे झाले, तरी त्या बघण्याची मला अजून धास्ती आहे. रागावली असतीस तर परवडलं असतं.

पुण्याकडे दिलेली तुझी बहीण सुट्टीत यायची, तेव्हा तिला आपली इथली पद्धत समजावून सांगताना तुझी दमछाक व्हायची. भाडंच नाही म्हणजे काय गं, असं ती दर खेपेला विचारायची. तू सांगायचीस, की राहायला येणारा एकदम मोठी रक्कम देतो, दोन-तीन वर्षं बिनभाड्याने राहतो, आणि जाताना आपली रक्कम जशीच्या तशी परत घेऊन जातो. तेवढे दिवस त्या रकमेचं व्याज तेवढं आपलं. म्हैसुरात याला भोग्य म्हणत, आता सगळे लीज म्हणतात. मावशीला ते कधीच पटलं नाही. "घरही त्याला, पैसेही त्यालाच, मग तुला काय, जिने झाडायचं पुण्य?" असं ती म्हणायची आणि तू हसायचीस. पण तुझं त्यातलं काम चोख होतं. रक्कम हातात आली की तू नजरबादच्या त्या बँकेत चालत जायचीस, ठेव करायचीस, आणि परत येऊन ठेवीची पावती भाडेकऱ्याला दाखवायचीस. पावती दाखवल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, हा तुझा नियम. कुणी मागितली नसली तरी दाखवायचीस. वर केसरीभात, म्हणजे आपला शिरा, आणि काफी.

मी कॉलेजात असताना एकदा मोपेडसाठी हट्ट धरला होता. थंडीचे दिवस आहेत. तू स्वयंपाकघरात खाली बसली आहेस, समोर भिजवलेले अवऱ्याचे, पावट्याचे, दाणे. एकेक दाणा चिमटीत दाबून तू सालीतून सोडवते आहेस आणि तो पातेल्यात टपकन पडतो आहे. मी दाराला टेकून म्हणते, वरचे पैसे आहेत की बँकेत, थोडे काढले तर कुणाला कळणार आहे? तुझा हात थांबतो. "ते पैसे आपले नव्हेत. आपल्याकडे राहायला आलेत. पाहुण्याच्या पिशवीत हात घालशील काय?" एवढंच म्हणून तू पुन्हा दाणे सोलायला लागतेस. पुढच्या वर्षी व्याजातून तू मला सायकल घेऊन दिलीस, जुनी, पण घंटी नवी बसवून. त्या सायकलवरून मी बी.एड. केलं. तेव्हा आपल्याकडे हात आखडून का होईना सगळं व्हायचं, आणि कुणाचं बाकी राहायचं नाही.

अप्पांचं हे विसरणं सुरू झालं ते मीटरपासून. तुला माहीत आहे, करंट ऑफिसातल्या नोकरीत त्यांनी अख्खा मंडी मोहल्ला पायी पालथा घातला होता. दारात उभं राहून "मीटर" एवढीच हाक, आणि मग घरातल्या बाईने हात पुसत दार उघडायचं. रिटायर झाल्यावरही कुणाच्या घरी गेले की त्यांचे डोळे आधी मीटर शोधायचे, आणि आपण त्यावरून त्यांची चेष्टा करायचो. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी एका सकाळी ते अंघोळ करून, शर्ट खोचून निघाले आणि गल्लीतल्या घरोघरी जाऊन रीडिंग मोठ्याने वाचायला लागले. लोक हसले. आपल्या गल्लीतल्या लोकांनी त्यांना काय कमी पाहिलंय? कुणी बसवून ताक दिलं, कुणी घरी आणून सोडलं. मीही हसले. मग त्यांनी, त्यांच्या लेखी बिल बाकी असलेल्यांचं, कनेक्शन तोडायला सुरुवात केली.

कोपऱ्यावरच्या बेकरीला मंगळवारी सुट्टी असते. अप्पांनी सोमवारी रात्री, बेकरी बंद झाल्यावर, बाहेरच्या पेटीतला मेन खाली ओढला आणि घरी येऊन शांतपणे जेवले. बुधवारी बेकरीवाल्याने फ्रीज उघडला तेव्हा आतलं सगळं आंबलेलं, नासलेलं. लग्नाच्या ऑर्डरचा केकही त्यातच होता. तो माझा जुना विद्यार्थी. दारात उभा राहून "मिस, मी काय बोलू आता" एवढंच म्हणाला. मी पैसे दिले. त्याने निम्मेच घेतले, आणि त्या निम्म्यांचंही मला वाईट वाटलं आणि वाचलेल्या निम्म्यांचं बरं वाटलं. अप्पा मागून म्हणाले, "तीन नोटिसा दिल्यात त्याला. अजून किती द्यायच्या?" मला हसू आवरेना आणि रडूही येत होतं. त्या दिवसापासून आपल्या घरात खर्च या शब्दाचा अर्थ बदलला.

तुला वाटेल, औषधांना लागत असतील पैसे. मलाही आधी तसंच वाटलं होतं. औषधांचं फारसं काही नाही गं. डॉक्टरांनी पहिल्याच खेपेला सांगितलं, की गोळ्यांनी हे मागे फिरत नाही, यांना माणूस लागेल. त्या "माणूस" शब्दाची किंमत मला तेव्हा कळली नाही. आधी मीच तो माणूस झाले. शाळेत पहिल्या तासाला पोचता येईना, मग अर्धा दिवस, मग बिनपगारी, आणि शेवटी राजीनामा. आठवीला गणित शिकवणारी बाई मी, पण घरी बसल्याने वाचणारा माणसाचा पगार आणि बुडणारा माझा पगार यांची वजाबाकी मी नोकरी सोडल्यावर केली. तोवर उशीर झाला होता. आता संध्याकाळी पडवीत शिकवण्या घेते, त्याही अप्पांचा दिवस बरा असला तर.

मग एका एजन्सीकडून माणूस ठेवला. बाई चालत नाही, अप्पांचे हात अजून जड आहेत, एकदा त्यांनी मला ढकललं तर मी कपाटावर आदळले. पुरुष माणसाचा दर वेगळा, मुक्कामाचा त्याहून वेगळा, एजन्सीचं कमिशन आगाऊ. तो हुणसूरकडचा, चाळिशीचा, स्वभावाने बरा. अप्पांना "सार, सार" करतो, दाढी छान करून देतो. मोबाईलवर क्रिकेट लागलं की त्याला जगाचं भान नसतं. त्याला रविवारी कोंबडी लागते, आणि तू ज्या ओट्यावर अंडंसुद्धा चढू दिलं नव्हतंस तिथे मी ती शिजवते, कारण तो खुशीत राहिला पाहिजे. "मेडम, ऊरिगे होगबेकु," गावी जायचंय, असं त्याने म्हटलं की मी आधी परतीची तारीख विचारून घेते. सण जवळ आला की मी त्याच्या तोंडाकडे बघत बसते. साखर संपली, गॅस संपला तर शेजारून आणता येतो. माणूस संपला तर कुठून आणायचा?

अप्पांची पेन्शन माणसाच्या पगारातच जायला लागली. हैदराबादचा तुझा लेक पाठवायचा, पाठवतोही, पण त्याच्या हप्त्यांच्या आणि मुलांच्या फीच्या मधून जे निसटेल तेवढंच. फोनवर तो म्हणायचा, "अक्का, वरचं घर रिकामंच आहे, भाड्याने दे." मी चौकशी केली. येणारं भाडं माणसाच्या पगाराच्या निम्मंही झालं नसतं, आणि एजन्सीची मागची थकबाकी, बाथरूममध्ये धरायच्या कड्या, दाराचं नवं कुलूप हे सगळं तोंड वासून उभं होतं. मला एकदम रक्कम हवी होती. घर अप्पांनी शुद्धीत असताना माझ्या नावावर केलं होतं, त्यामुळे सही माझी चालणार होती. तेव्हा मी लीजवर दिलं. आठ लाख. एक तरुण जोडपं होतं, तो स्कूटरच्या शोरूममध्ये आणि ती साड्यांच्या दुकानात. ती दोघं दोन वर्षं म्हणत होती. मी तीन म्हणाले.

तीन का, ते लिहायला हात चालत नाही, पण लिहिते. डॉक्टर म्हणाले होते की नक्की काही सांगता येत नाही, काहींचं दोन-तीन वर्षांत फार उतरतं, मग खाणं सुटतं, मग अंथरूण. त्या सगळ्या "सांगता येत नाही"मधून मी तेवढं एकच वाक्य उचलून घरी आणलं. आई, मी त्या तीन वर्षांत अप्पांचं जाणं धरलं होतं. स्वतःशीसुद्धा उघड बोलले नाही, पण धरलं होतं. ते गेल्यावर माणसाचा खर्च थांबेल, मी पुन्हा कुठेतरी नोकरी धरीन, कर्ज काढीन, आणि यांचे पैसे देऊन टाकीन, असा माझा हिशेब. पाहुण्याच्या पिशवीत हात घातला तो अशा भरवशावर.

आणि अप्पांना काहीही झालं नाही. बोलणं अर्धं गेलं, मला ते कधी ताई म्हणतात, कधी मेडम, कधी तुझ्या नावाने हाक मारतात. पण जन्मभर चाललेले पाय ते, अजून गल्लीला तीन फेऱ्या मारल्याशिवाय जेवायला बसत नाहीत. नाचणीचा रागीमुद्दा ताटात पडला की सारात बुडवून असा गिळतात, की बघून कुणालाही भूक लागावी. डॉक्टर रक्तदाब बघतात आणि म्हणतात, "तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला आहे." मी हसते. परतताना रिक्षात मुदतीचे उरलेले महिने मोजते.

दोन-तीन महिन्यांपूर्वी वरची मुलगी पेढे घेऊन खाली आली. हिनकलला त्यांनी साइट, घरासाठी प्लॉट, घेतली, रजिस्ट्रेशन जवळ आलंय. "अक्का, मुदत पण संपतेय ना, तर तेवढं..." कन्नडमध्येच बोलतो आम्ही, पण संकोचाला काही भाषा लागत नाही. तिच्या घरातली वीज अप्पांनी किती वेळा घालवली, फ्रीजमधलं दूध किती वेळा नासलं, तिने कधी तक्रार केली नाही. आता ती स्वतःचेच पैसे माझ्याकडे असे मागत होती, जसं काही उसने मागतेय. मी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, हो, हो, तयारच आहेत.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, विचारू नकोस. बँकेतल्या मुलीने घरावर कर्ज देण्यासाठी माझी पगाराची स्लिप मागितली. शिकवणीची स्लिप कोण देतं? भाऊ म्हणाला, "घर विकू या अक्का, नाहीतर अप्पांना होममध्ये ठेवू." मी हुणसूर रोडवर एक होम बघूनही आले. स्वच्छ होतं. तिथल्या बाईने मायेने सगळं दाखवलं आणि मग महिन्याचा आकडा आणि परत न मिळणारं डिपॉझिट सांगितलं. आपल्याकडे डिपॉझिट निदान परत तरी द्यायचं असतं, असं माझ्या मनात आलं आणि लाजही वाटली. अप्पांना चालायला लागतं, असं मी सांगितलं. गच्ची आहे, असं ती म्हणाली. गच्चीला चारही बाजूंनी जाळी होती आणि एक आजोबा जाळीला हात लावून उभे होते. मी बसने परत आले. घर विकायचं तर अप्पांना ही गल्लीही गेली, आणि या गल्लीशिवाय त्यांच्या डोक्यात आता फारसं काही उरलेलं नाही.

शेवटी घरांचा ब्रोकर म्हणाला ते केलं. सगळे तेच करतात म्हणे. नवा माणूस बघायचा, त्याची रक्कम घ्यायची, जुन्याला द्यायची. चार दिवसांत त्याने एक जोडपं आणलं, नंजनगूडकडचं, दोघंही शाळेतून रिटायर झालेली, मुलीच्या जवळ राहायला येणारी. मी अप्पांना आतल्या खोलीत बसवून माणसाला बजावलं होतं, की अर्धा तास बाहेर सोडू नकोस. केसरीभात केला होता, तुझ्या प्रमाणाने, लवंग टाकून. वरचं घर त्यांना आवडलं. खाली येऊन बसले, बोलणं सुरू झालं, आणि आतून कडी वाजली. क्रिकेट चालू असणार. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले.

"बन्नि सार, बन्नि, कूतकोळ्ळि," बसलेल्यांनाच त्यांनी बसा म्हटलं. मग त्या गृहस्थांना दंडाला धरून बाहेर मीटरपाशी घेऊन गेले आणि रीडिंग वाचून दाखवलं, अगदी बरोबर. "बाकी काही नाही, सार. ह्या घराचं कधी बाकी राहिलं नाही." गृहस्थ खूश झाले. त्यांना काही कळलं नव्हतं. आत येऊन अप्पा खुर्चीत बसले, पाय व्यवस्थित जुळवून, आणि गेल्या वर्षभरात ऐकलं नव्हतं एवढं सलग बोलले. "पैशाचा काही घोर नको तुम्हाला. माझी मिसेस आहे, ती फार स्ट्रिक्ट. आज दिलात की उद्या बँकेत. ती त्याला हात लावणार नाही, मला पण लावू देणार नाही. पावती दाखवल्याशिवाय किल्लीच देत नाही ती, अल्वा, खरं ना?" मग माझ्याकडे वळले, आपल्या मराठीत, "अगं, ती आत काय करते? बोलव की तिला. पावती घेऊन ये म्हण."

मी तुला बोलवायला आत गेले, आई. खरंच गेले. ओट्यापाशी उभी राहिले. बाहेर तुझा हार घातलेला फोटो अप्पांच्या डोक्यावरच लागलेला होता आणि त्या बाईंनी तो पाहिलेला असणार, हे मला आत आल्यावर सुचलं. चार थाळ्यांत केसरीभात वाढला. इतकी वर्षं मी अप्पांची काळजी घेते, त्यांना खाऊ घालते, धुते, औषध देते, आणि त्यांचा मात्र अजून तुझ्यावरच भरवसा. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. आणि तेवढीच शरम वाटली, कारण त्यांच्या त्या भरवशावर मी आत्ता गप्प राहून आठ लाख उचलू शकत होते.

बाहेर आले तर त्या बाई फोटोकडे बघत होत्या. थाळी हातात घेऊन त्यांनी हळूच विचारलं, कन्नडमध्ये, "मग आता पावती तुम्ही दाखवाल का?" आवाजात राग नव्हता, शंकाही नव्हती. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासलेली बाई विचारील तसं विचारलं. ब्रोकर डोळ्यांनी मला हो म्हणा, हो म्हणा करत होता. मी म्हणाले, नाही. पावती होणार नाही. तुमचे पैसे वरच्यांना जातील, वरच्यांचे यांच्या देखभालीत गेलेत. तीन वर्षांनी मी कुठून देईन ते मला आत्ता सांगता येत नाही, घर आहे एवढंच सांगता येतं. अप्पा केसरीभात खात होते. "गोड बरोबर झालंय," ते म्हणाले.

नवी दोघं वर गेली, घर पुन्हा बघायला म्हणून. खरं तर आपसात बोलायला गेली होती. ब्रोकर मला म्हणाला, "मेडम, इतकं खरं कशाला? सगळे असंच करतात, कुणी सांगत नाही." खाली आल्यावर बाईंनीच व्यवहार केला. घर पसंत आहे, पण जोखीम त्यांची वाढते, म्हणून सात लाखच देणार, आणि करार रजिस्टर झाला पाहिजे. बोलण्यात कुठे कडवटपणा नाही. त्यांच्या जागी तू असतीस तर तूही हेच केलं असतंस, बहुतेक सहावर आणलं असतंस. खरं बोलल्याचा एक लाख खर्च झाला. मी कबूल केलं, कारण नाही म्हणायला माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

तो लाख तुझ्या लेकाने पाठवला. मला वाटलं होतं ओरडेल. फोनवर त्याने आकडा पुन्हा विचारून घेतला, मग म्हणाला, "अक्का, परवा ऑफिसात पार्किंगमध्ये गाडी सापडेना मला. अर्धा तास फिरलो. बायकोला नाही सांगितलं." मी म्हणाले, सगळ्यांचं होतं तसं. त्यालाही ते ऐकायचं होतं. फोन ठेवल्यावर मी उगीचच माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांची नावं आठवत बसले, बाकांच्या रांगांनी, आणि दोन आठवली नाहीत. आपल्याला असं झालं तर आपल्यासाठी कोण वरचं घर देईल, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

वरचं तरुण जोडपं गेलं. जाताना मुलीने अप्पांना नमस्कार केला, त्यांनी तिला बिल वेळेवर भरत जा म्हणून सांगितलं. पैसे चुकते झाले, पण आता माझ्या हातात काही नाही. मुक्कामाचा माणूस परवडत नाही, त्याला दिवसापुरतंच ठेवलंय. रात्री मी अप्पांच्या खोलीत दाराला लागून चटई टाकते. शिकवणीला अजून दोन बॅच घ्याव्या लागतील, आणि पोरं मिळतील का ही काळजी. नव्या बाई कधी कधी खाली येऊन अप्पांपाशी बसतात. त्यांना अप्पा तुझ्या पावतीची गोष्ट पुन्हा सांगतात, आणि त्या पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकतात. मला त्या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर यावंसं वाटत नाही.

हे कागद तुला पोचायचे नाहीत हे माहीत असूनच लिहिले. पोचणार असते तर मी पैशांपर्यंतच लिहिलं असतं. करार करायच्या दिवशी सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात टाइप करणाऱ्याने विचारलं, किती वर्षं घालू? बाई तीन म्हणाल्या. मीही मान हलवली आणि तिथेच, त्या बाकावर बसून, डोळे मिटले. तीन वर्षांच्या आत अप्पांना ने, असं मी अंबाभवानीला म्हटलं. लगेच नको म्हटलं. मग पुन्हा म्हटलं. यातलं शेवटचं कुठलं होतं ते मला आठवत नाही, आणि आठवून बघायची माझी छाती होत नाही.